कॅरव्हॅन मागं बांधून चोर्ला घाट उतरायचा तर गाडी कुठली?

आमच्या बेळगावाकडं ट्रेलर म्हणजे काय हे कुणाला शिकवायला नको. ऊसतोड सुरू झाली की अथणी, रायबाग, चिकोडी, हुक्केरी कुठल्याही रस्त्याला जावा, पुढं ट्रॅक्टर, मागं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, स्पीकरवर फुल आवाजात गाणी आणि त्यांच्या मागं आपण फर्स्ट-सेकंडमध्ये रांगत. त्या ट्रॅक्टरवाल्याला थांबवून विचारा की बाबा चढाला ओढतंय का, तो हसणार. ओढायचं काय घेऊन बसलाय, ओढतंय की, उताराला काय करायचं ते विचारा. आणि आपली गाडीवाली मंडळी मात्र शोरूममध्ये गेली की बीएचपी किती, टॉर्क किती, फोर-बाय-फोर हाय का, झालं, विषय संपला.

तर विषय असा की मेव्हणा आणि मी मिळून एक छोटी कॅरव्हॅन करून घेतोय. ओढून न्यायची, मोटरहोम नव्हे. आत दोन मोठी दोन लहान झोपतील एवढा डबा, मागच्या बाजूला शेगडी, पाण्याची टाकी, बास. आमच्या उद्यमबागेत लोखंडाचं काय म्हणाल ते करून देणारे लोक आहेत, त्यातल्याच एकाच्या शेडमध्ये चॅसी उभी राहिली. ती ओढायला गाडी मात्र नवीन घ्यायची होती, कारण आमच्या जुन्या सेडानला ते काम सांगणं म्हणजे पाप. मग गाड्या बघणं सुरू झालं, आणि मेव्हण्याचं एकच पालुपद, "दाजी, फॉर्च्युनर बघा की."

मी म्हटलं आधी वजन ठरू दे. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हेच लोक शेवटी बघतात. आमचा डबा रिकामा ७८० किलो भरला. त्यात पाणी, गॅस सिलिंडर, गाद्या, भांडीकुंडी, पोरांच्या सायकली असं सगळं कोंबलं की टनाच्या थोडं वर जाणार. म्हणजे आपल्याला टनभर ओढणारी गाडी पाहिजे, तीन टन ओढणारी नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या गाड्यांचा वाद आपोआप मिटतो.

आपल्याकडच्या ब्रोशरमध्ये टोइंगचा आकडा शोधायला गेलात तर बहुतेक वेळा सापडत नाही. कारण इथं गाडीमागं काही बांधून फिरायची पद्धतच नाही. ऑस्ट्रेलियात मात्र कॅरव्हॅनचं वेड भारी, त्यामुळं तिथं प्रत्येक गाडीपुढं दोन आकडे दिलेले असतात, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर किती आणि नसतील तर किती. तिथं स्कॉर्पिओ-एनला ब्रेकवाला ट्रेलर २५०० किलो, फॉर्च्युनरला ३१०० किलो, पाच दाराच्या जिम्नीला १३००. आता दुसरा आकडा बघा. बिनब्रेकचा ट्रेलर असेल तर स्कॉर्पिओ-एन पण ७५० आणि फॉर्च्युनर पण ७५०, आणि जिम्नी फक्त ३५०. म्हणजे ट्रेलरला ब्रेक नाहीत तर अर्ध्या कोटीच्या घरातली गाडी आणि तिच्या निम्म्या किमतीतली गाडी एकाच रांगेत! हा तिथला आकडा, इथं तो दाखवून कुणी पास करणार नाही, पण गाडीच्या ताकदीचा अंदाज यायला पुरेसा आहे.

जिम्नीचं आधी उरकून टाकतो. गाडी गोड आहे, लो रेंज (हळू पण जास्त जोरानं ओढणारे गिअर) आहे, चिखलात बकरीसारखी चढते, पण १.५ लिटर पेट्रोल, १३४ एनएम टॉर्क (म्हणजे ओढायचा जोर), तोही वरच्या आरपीएमला, आणि गाडीचं स्वतःचं वजन बाराशे किलोच्या आसपास. मागं टनभराचा डबा म्हणजे जवळजवळ आपल्याएवढंच वजन शेपटीला. आकड्यात बसतं म्हणून करायचं नसतं. शिवाय सीटा चारच, आईला काय डब्यात बसवायचं? चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, हे कुणी सांगायला नको पण सांगून ठेवतो, कारण आमच्याकडं ट्रॉलीत बसून लग्नाला जायची सवय.

तीन दाराच्या थारला मागणी फार. माझं मत, एकट्या-दुकट्यानं जंगलात जायला झकास, पण कॅरव्हॅनला नको. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिलिमीटर. व्हीलबेस आखूड असला की मागचा डबा जरा हलला तरी गाडीचं ढुंगण लगेच हलवतो. बॉल, म्हणजे गाडीच्या मागं डबा अडकवायचा गोळा, मागच्या अ‍ॅक्सलपासून जितका लांब आणि व्हीलबेस जितका आखूड तितका ट्रेलरचा हुकूम गाडीवर जास्त चालतो, साधं तरफेचं गणित आहे. थार रॉक्स त्या मानानं बरीच बरी, २८५० मिलिमीटर, फोर-बाय-फोर फक्त डिझेलमध्ये येते, ऑटोमॅटिकला १७५ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर) आणि ३७० एनएम. ऑगस्ट २०२४ मध्ये आली तेव्हापासून पोरांचा हट्ट तीच पाहिजे म्हणून. पण पाच सीटा. आम्ही दोघं, दोन पोरं, आई, झाले पाच, मेव्हणा आला की तो काय टपावर?

गुरखा पाच दारांची बघून आलो. हिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. २.६ लिटरचं इंजिन, १४० पीएस, ३२० एनएम आणि तो टॉर्क १४०० आरपीएमपासूनच हातात, पुढं-मागं दोन्ही डिफरन्शियलला लॉक (एक चाक जागेवर फिरलं तरी दुसरं ओढतं), व्हीलबेस २८२५. ओढायला तक्रार करायला जागा नाही. पण आई चढेना. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एक पाय फुटबोर्डावर ठेवला, दुसरा उचलेना, मग मी मागनं, सेल्समन पुढनं, आणि आई मधे लोंबकळत म्हणतेय, "मला हितंच ठेवून जावा तुम्ही." झालं. गुरखा बाद. ज्यांच्या घरात सगळे तरणे आहेत त्यांनी जरूर बघावी.

इसुझू व्ही-क्रॉस आणि हायलक्स या पिकअप. तीन मीटरच्या वर व्हीलबेस, मागं डबा बांधला तर सरळ रेषेत गाडी दगडासारखी. जनरेटर, सायकली, सिलिंडर सगळं हौद्यात टाकता येतं, म्हणजे कॅरव्हॅन हलकी राहते, हा मोठा फायदा. शेती असलेल्या माणसाला तर एका गाडीत दोन कामं होतात. आमचा मावसभाऊ शिनोळीला, महाराष्ट्राच्या हद्दीत राहतो, काजूची बाग आहे, त्याला मी हेच घे म्हणून सांगितलंय. त्याची एमएच-०९ होणार, आमची केए-२२, आणि कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स बघितला की त्याच्यावर जळल्याशिवाय राहवत नाही, सीमाप्रश्न असा पण भोगावा लागतोय. आम्हाला मात्र रोजच्या टिळकवाडीच्या गल्लीत पाच मीटरच्या वरची गाडी वळवायची नव्हती.

मेव्हण्याची फॉर्च्युनर. खरं सांगतो, ओढण्याच्या कामात या यादीत ती सगळ्यात वरची, यात शंका नाही. २.८ लिटर, २०४ पीएस, ऑटोमॅटिकला ५०० एनएम, मॅन्युअलला ४२०. स्वतःचं वजन दोन टनांच्या वर, म्हणजे टनभराचा डबा तिला ढकलू शकत नाही, ती डब्याला सांभाळते. जुनी एन्डेव्हर ३.२ पण अशीच दणकट, ४७० एनएम, पण फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करतोय म्हणून जाहीर केलं, पार्टसाठी फोन फिरवत बसायची तयारी असेल तर सेकंडहँड चांगली सापडते. फॉर्च्युनरला माझा आक्षेप फक्त पैशाचा. टनभराच्या डब्यासाठी तीन टन ओढणारी गाडी घेऊन वरचे वीस-पंचवीस लाख कशाला अडकवायचे? तेवढ्यात खानापूरच्या बाजूला गुंठेवारीत काहीतरी बघता येईल, म्हटलं तर मेव्हणा गप्प झाला.

एक्सयूव्ही ७०० च्या ऑल व्हील ड्राइव्हचं पण बघितलं, ४५० एनएम, चालवायला कारसारखी मऊ, पण लो रेंज नाही. आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅरियर-सफारी कितीही आवडल्या तरी या कामाला नको वाटतात, कारण डब्याचा भार मागं पडला की पुढची चाकं हलकी होतात, आणि ओल्या चढावर तीच चाकं ओढणार असतील तर नुसती फिरत बसतात.

शेवटी स्कॉर्पिओ-एन झेड-एट फोर-बाय-फोर, डिझेल ऑटोमॅटिक. १७५ पीएस, ४०० एनएम, तो २००० आरपीएमच्या आतच मिळतो, व्हीलबेस २७५०, लॅडर चॅसी, लो रेंज, तिसरी रांग. मागच्या सस्पेन्शनला वॅट्स लिंकेज आहे, त्यामुळं अ‍ॅक्सल आडवा सरकत नाही, आणि डबा मागं असताना हे फार उपयोगाचं. वाईट काय तर तिसऱ्या रांगेत माणसं बसवली की सामानाला जागा शून्य, पण सामान डब्यात जाणार असल्यामुळं आम्हाला फरक पडला नाही. आणि फुटबोर्ड लावून घेतल्यावर आई चढते.

आता घाटाचं. बेळगावातनं गोव्याकडं किंवा कोकणात उतरायचं तर चोर्ला, आंबोली, अनमोड, नाहीतर तिलारी. तिलारीचं नाव पण काढू नका, ते चढउतार आणि वळणं बघून मोकळ्या गाडीला घाम फुटतो, डबा घेऊन तिथं कुणी जाऊ नये. चोर्ल्याचं बघा. जिथं मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी सुमारे ७९२ मीटर उंचीवर. तिथनं पुढं साखळीच्या बाजूला खाली गेलात की जवळजवळ समुद्रसपाटीला येता. समजा घाटाचा सलग उतार ६०० मीटरचा धरला आणि गाडी, माणसं, डबा मिळून तीन टन. तर खाली येईपर्यंत जी शक्ती कुठंतरी जिरवायची असते ती होते साधारण ५ युनिट वीज. घरचा गिझर अडीच तास चालवला की जेवढी उष्णता तेवढी. ही सगळी जर तुम्ही ब्रेक दाबून दाबून चार डिस्कमध्ये घातली तर ब्रेक फ्लुइड उकळणार, पेडल खाली जाणार, आणि मग ग्रामदैवत आठवणार.

म्हणून उतरताना गिअर खालचा. ऑटोमॅटिक असली तर मॅन्युअल मोडमध्ये टाकून दुसऱ्या-तिसऱ्यात आणायची, वळणाच्या आधी वेग कमी करायचा, ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही, एकदा दाबून वेग पाडायचा आणि सोडायचा. डिझेलचं मोठं इंजिन इथं पण कामाला येतं. आणि ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर हे आमच्या जुन्या ट्रकवाल्यांचं सांगणं कॅरव्हॅनला जसंच्या तसं लागू.

डब्याच्या ब्रेकचे दोन प्रकार. एक ओव्हररन, म्हणजे गाडीनं ब्रेक मारला की मागचा डबा पुढं रेटतो, कपलर (डब्याच्या नाकावरचा, बॉलवर बसणारा भाग) दबतो आणि त्या रेट्यानंच डब्याचे ब्रेक लागतात. साधं, वायरिंग नको, पण लांबच्या उताराला डबा सतत रेटत असतो त्यामुळं ते ब्रेक सतत घासत राहतात आणि तापतात. दुसरा इलेक्ट्रिक, ड्रायव्हरपाशी कंट्रोलर, हातानं फक्त डब्याचे ब्रेक लावता येतात. महाग पडतो, पण आम्ही तोच घेतला, कारण घाट आमच्या दारात. सपाट मुलखात राहणाऱ्यानं ओव्हररनवर भागवलं तरी चालेल.

हातानं डब्याचे ब्रेक लावता येणं कुठं कामाला येतं ते सांगतो. हायवेला एखादी व्होल्वो बस सुसाट बाजूनं गेली की तिच्या हवेनं डबा आधी लांब ढकलला जातो मग आत ओढला जातो, आणि झोल, म्हणजे डब्याचं डावीकडं-उजवीकडं झुलणं, सुरू होतो. त्या वेळी माणूस काय करतो, घाबरून ब्रेक दाबतो आणि स्टिअरिंग उलटं मारतो, दोन्ही चूक. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि फक्त डब्याचे ब्रेक हलके लावायचे, डबा मागनं ताणला जातो आणि सरळ होतो.

पण झोल मुळात का होतो? बहुतेक वेळा वजन चुकीच्या ठिकाणी असतं म्हणून. कपलर बॉलवर जो भार देतो तो डब्याच्या एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के असावा. आमच्या शेडमध्ये हे बघायला घरातला बाथरूमचा वजनकाटा नेला. त्याच्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर कपलर, बॉलच्या उंचीला. रिकाम्या डब्याला ६२ किलो दाखवलं, म्हणजे ८ टक्के, एकदम टकाटक. मग मी म्हटलं पाण्याची टाकी भरा. टाकी अ‍ॅक्सलच्या मागं होती, शेगडीजवळ, पाइप कमी लागतो म्हणून. ८० लिटर पाणी जसं भरत गेलं तसा काटा खाली, ५५, ४८, ४०, शेवटी ३५ वर थांबला. डबा झाला ८६० किलो आणि नाकावर जेमतेम ४ टक्के! फॅब्रिकेटर अण्णा वाकून काट्याकडं बघतायत, टाकीकडं बघतायत, कानडीत काहीतरी पुटपुटले आणि ग्राइंडर आणायला गेले. टाकी आता बेडखाली, अ‍ॅक्सलच्या जरा पुढं. पाइप चार फूट जास्त लागला. जे कुणी करून घेतायत त्यांनी वेल्डिंगच्या आधीच हे कागदावर मांडावं.

आता एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल मग फोर-बाय-फोर कशाला? रस्त्यावर तर ती नकोच, डांबरावर पार्ट-टाइम फोर-बाय-फोर लावून वळणं घेतली तर ट्रान्समिशन आखडतं, तिथं टू-हाय, म्हणजे फक्त मागची दोन चाकं ओढणार. ती पाहिजे मुक्कामाच्या ठिकाणी. जांबोटी, कणकुंबी, चंदगडच्या बाजूला कुणाच्या शेतात डबा लावला, रात्री पाऊस झाला, सकाळी लाल मातीचा लगदा, आणि टनभराचा डबा उपसून रस्त्यावर आणायचा. किंवा चढावर रिव्हर्स घ्यायचा, तेव्हा लो रेंजमध्ये इंचाइंचानं जाता येतं, मॅन्युअल असेल तर क्लच जळत नाही, ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर तापत नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र आपलं डोकं चालवून डबा लावायला जाऊ नका, ओळखीच्या शेतात विचारून लावा.

रिव्हर्सचं म्हणाल तर त्यात आम्हा सगळ्यांची जिरवली ती मामांच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरनं. रायबागचा माणूस, एसयूव्ही कधी चालवलेली नाही. मेव्हणा कॅमेरा बघून, आरसा बघून, मान मोडून डबा गेटात घालायला बघतोय आणि तो दर वेळी कात्रीसारखा मिटतोय. त्यानं गाडी घेतली, स्टिअरिंगला खालच्या बाजूला हात धरला, डबा ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात हलवला, एका दमात आत. "सायेब, ट्रॉलीपेक्षा सोपं हाय की हे." बरोबर आहे त्याचं, खाली हात धरला की उलटं-सुलटं डोक्यात करत बसावं लागत नाही.

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत मोटार वाहनात ट्रेलर पण धरलाय, म्हणजे डब्याची नोंदणी वेगळी, नंबरप्लेट वेगळी. बनवायला टाकायच्या आधी आपल्या आरटीओत जाऊन ड्रॉइंग दाखवा, लेखी काय ते विचारून घ्या, बनवून झाल्यावर गेलात तर हेलपाटे ठरलेले. गाडीला टोबार (बॉल बसवायचा दांडा) लावायचा तो चॅसीला बोल्ट करून, बंपरच्या टोइंग हुकाला नव्हे, तो हुक अडकलेली गाडी काढण्यापुरता असतो. विमावाल्याला पण टोबार लावल्याचं कळवा. आणि दोन सेफ्टी चेन, कपलरखाली एकमेकींवर क्रॉस करून, म्हणजे कपलर सुटला तर नाक चेनच्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही.

अजून डब्याचे आरसे यायचेत, बाहेर लांब येणारे, गाडीचे मूळचे आरसे डब्याच्या रुंदीला पुरत नाहीत. ते आले आणि आरसीचं काम झालं की पहिली फेरी हिडकलकडं काढायची ठरलीय, वंटमुरीचा घाट चढा-उताराच्या प्रॅक्टिसला पुरेसा आहे, चोर्ला त्यानंतर. मेव्हणा म्हणतोय चालवणार तोच. आधी गेटात रिव्हर्स घालून दाखव म्हटलंय.